फ्रीजमध्ये ठेवलेल्या मासळीला तिसऱ्या दिवशी वास का येतो?

एक वाचक भगिनी पतीसह छोटी खानावळ चालवतात. त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा समुद्राची मासळी येते. सकाळी आलेले मासे दुपारची गर्दी ओसरेपर्यंत, म्हणजे सुमारे चार तास, स्वयंपाकघरातच राहतात आणि मग फ्रीजमध्ये जातात. फ्रीजवर 4 अंशांचा आकडा दिसतो, तरीही तिसऱ्या दिवशी मासळीला वास येऊ लागतो. पुरवठादार शिळा माल देतो अशी त्यांची खात्री होत चालली आहे. तो मात्र सांगतो की मासळी चार दिवसांपूर्वी पकडलेली असली तरी सतत बर्फात होती. पतीचे म्हणणे असे की मीठ-लिंबू लावून धुतले आणि नीट शिजवले की काही होत नाही. मध्यंतरी जेवणानंतर अर्ध्या तासात एका ग्राहकाचा चेहरा लाल झाला, डोके ठणकू लागले, अंगाला खाज सुटली. त्या माशाला मात्र कसलाच वास नव्हता. पुरवठादार बदलावा, डीप फ्रीझर घ्यावा की निर्वात पाकिटे करणारे यंत्र घ्यावे, हा त्यांचा प्रश्न आहे. आजवर वाढलेल्या ताटांबद्दल मनाला टोचणी लागली आहे, असेही त्यांनी लिहिले आहे.

ताई, तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले: ‘फ्रीजमध्ये ठेवल्यावर तर काही व्हायला नको होते.’ तुमचा पुरवठादारावरचा राग, पतीशी होणारा वाद आणि मनातली टोचणी या तिन्ही गोष्टी या एका वाक्यावर उभ्या आहेत. म्हणून पुरवठादाराकडे वळण्याआधी आपण या वाक्याकडेच पाहू.

जिवंत, निरोगी माशाच्या मांसात जिवाणू नसतात. ते त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत असतात. मासा मेला की त्याची प्रतिकारशक्ती संपते आणि याच तीन जागांपासून नासण्याची सुरुवात होते. माशाच्या स्नायूंत साखरेचा साठा थोडा असल्यामुळे मेल्यानंतर त्यांत आम्लही थोडेच तयार होते. मटणासारख्या मांसात आम्लता पुरेशी वाढते आणि ती काही काळ जिवाणूंना रोखून धरते. माशाच्या मांसाला हे संरक्षण फारसे मिळत नाही. शिवाय समुद्राचे थंड पाणी हे यांतल्या कित्येक जिवाणूंचे घरच असते. शेवानेला आणि स्यूडोमोनास या गटांतले जिवाणू शून्य अंशाच्या आसपासही वाढत राहतात. नीट बर्फात ठेवलेल्या माशावरसुद्धा त्यांची संख्या साधारण दिवसागणिक दुप्पट होते. दुप्पटीचा हा हिशोब सुरुवातीला जाणवत नाही, कारण हजाराचे दोन हजार झाले तरी नाकाला काहीच कळत नाही. पण दोन-तीन आठवड्यांत ही संख्या दर ग्रॅमला दहा कोटींच्या वर जाते, आणि शेवटच्या दोन-तीन दुप्पटींत मासा ‘अचानक’ बिघडल्यासारखा वाटतो. तो अचानक बिघडलेला नसतो.

थंडीमुळे हे जिवाणू मंदावतात, थांबत नाहीत. किती मंदावतात, हे मासळीच्या अभ्यासकांनी एका सोप्या सूत्रात बसवले आहे आणि फ्रीजच्या तापमानांसाठी ते चांगले लागू पडते. माशाचे तापमान जितके अंश सेल्सियस असेल त्याला दहाने भागा, त्यात एक मिळवा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. शून्य अंशाच्या तुलनेत मासा किती पट वेगाने नासतो, ते त्यावरून कळते. 4 अंशांना हा वेग जवळजवळ दुप्पट येतो, 7 अंशांना जवळजवळ तिप्पट आणि 10 अंशांना चौपट. तेव्हा तुमच्या फ्रीजमध्ये खरोखर 4 अंश तापमान असले, तरी तिथला एक दिवस म्हणजे बर्फातले दोन दिवस होतात.

आता हाच हिशोब तुमच्या टोपलीला लावून पाहू. बर्फात साधारण बारा दिवस टिकणारा मासा धरा. (हा आकडा जातीप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे बदलतो, उष्ण पाण्यातले मासे बर्फात पुष्कळदा थंड पाण्यातल्या माशांपेक्षा अधिक टिकतात.) पुरवठादार खरे बोलतो आहे असे समजून चार दिवस आधीच खर्ची टाका, आठ उरले. स्वयंपाकघरातल्या चार तासांत मासा सरासरी 10 अंशांवर होता असे सौम्य गृहीत धरले, तरी तेवढ्यात बर्फातले सोळा तास, म्हणजे दिवसाचा दोन-तृतीयांश भाग, गेला. उरलेल्या सव्वासात दिवसांना, फ्रीज प्रत्यक्षात 7 अंशांवर असेल तर, जवळजवळ तीनने भागायचे. उत्तर अडीच दिवस येते. तुमचा तिसरा दिवस इथे सापडतो, आणि तो सापडण्यासाठी कोणी खोटे बोलायची गरज पडली नाही.

7 अंश कुठून आणले, असे तुम्ही विचाराल. अनुभवातून आणले. मासळीची प्रतवारी करण्याच्या कामात मी बरीच वर्षे काढली, आणि दारावरचा आकडा व माशाच्या पाठीच्या कण्यापाशी खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा यांत तीन-चार अंशांचा फरक इतक्या वेळा पाहिला आहे की दारावरच्या आकड्यावर मी आता विसंबत नाही. तो आकडा फ्रीजमधल्या एका ठिकाणच्या हवेचा असतो. दिवसभर दार उघडझाप होत असेल, वरचा कप्पा खचाखच भरून हवेची वाट अडली असेल, तर मासा वेगळ्याच तापमानात पडून असतो. तुम्ही एवढेच करा: जिथे मासे ठेवता तिथेच पेलाभर पाणी ठेवा, गर्दीच्या पूर्ण दिवसानंतर त्यात थर्मामीटर बुडवून पाहा आणि तो आकडा लिहून ठेवा. शक्य असेल तर एका जाड माशाच्या पोटातही थर्मामीटर घालून पाहा. वापरण्याआधी थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरा. तिथे त्याने शून्य दाखवले तरच त्याच्यावर विश्वास ठेवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मासे तुम्ही प्लास्टिकच्या खोल टोपात रचून ठेवता. फ्रीज गार झालेली वस्तू गार ठेवतो; गरम वस्तू लवकर गार करणे त्याला जमत नाही. हवा उष्णता फार सावकाश ओढून घेते, आणि ढीग जितका जाड तितका त्याचा गाभा गार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. स्वयंपाकघरात तापलेले दहा किलो मासे टोपात भरून फ्रीजमध्ये ठेवले, तर वरचा थर हाताला गार लागतो आणि मधले मासे मात्र कित्येक तास कोमट राहतात. टोपाच्या तळाशी साचलेले ते गुलाबी पाणी तुम्ही पाहिले असेलच. रक्त, चिकट थर आणि प्रथिने यांचे ते मिश्रण असते. जिवाणूंना याहून चांगले खाद्य मिळत नाही, आणि सर्वांत खालचा मासा त्यातच भिजत पडलेला असतो. तिसऱ्या दिवशी पहिला वास बहुधा याच माशाला येतो. पुढच्या वेळी मुद्दाम पाहा.

म्हणून यंत्रांच्या खरेदीआधी माझा पहिला सल्ला बर्फाचा आहे. बर्फाचा चुरा माशाला सर्व बाजूंनी टेकतो, वितळताना पुष्कळ उष्णता शोषून घेतो, आणि वितळत असेपर्यंत त्याचे तापमान शून्यावरच राहते. त्याला कुठलीही कळ फिरवावी लागत नाही. दहा किलो मासे 25 अंशांवरून शून्यावर आणायला नुसत्या गणिताने सुमारे पावणेतीन किलो बर्फ लागतो. बाहेरून आत येणारी उष्णता धरता प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त घालावा लागतो. गरम हवामानात जितके मासे तितकाच बर्फ हे प्रमाण मनात ठेवावे. तळाला जाळी किंवा भोके असलेला उथळ ट्रे घ्या, खाली बर्फ, वर माशांचा एक थर, पुन्हा बर्फ, अशी रचना करा, आणि त्याखाली पाणी झेलायला दुसरा ट्रे ठेवून तो दिवसातून दोनदा रिकामा करा. वितळलेले पाणी माशावरून निथळताना चिकट थर आणि जिवाणू काही प्रमाणात धुऊन नेते, पण ते खाली साचू दिले तर हाच फायदा उलटतो. पोटे साफ केलेले मासे पोट खाली करून ठेवा, म्हणजे आत पाणी साचत नाही. कापलेले तुकडे थेट बर्फात ठेवू नका. त्यांची चव पाण्याबरोबर जाते, म्हणून ते पातळ पिशवीत घालून बर्फात ठेवा. हा सगळा ट्रे फ्रीजमध्ये गेला की फ्रीजवर बर्फ सावकाश वितळू देण्याचेच काम उरते, आणि ते त्याला जमते. वरच्या हिशोबात शून्य अंश धरून पाहा: अडीच दिवसांचे सात होतात. तुम्हाला सातही दिवस वापरायचे नाहीत, तिसरा दिवस निर्धास्त जावा एवढेच हवे आहे.

आणि ते चार तास. दुपारच्या गर्दीत मासे साफ करायला हात मोकळे नसतात, हे मला समजते. मासे त्या वेळी साफ करावेत असा माझा आग्रह नाही. टोपली दारात आली की दहा मिनिटांत ती बर्फाखाली जावी, इतकाच आहे. साफसफाई दुपारनंतर करा.

आता मीठ-लिंबाच्या उपायाकडे येते. तुमच्या पतीचा अनुभव खोटा नाही. लिंबू चोळल्यावर वास खरोखरच कमी होतो, आणि त्यामागे कारण आहे. समुद्री माशांच्या शरीरात एक निर्गंध पदार्थ असतो. काही जिवाणू हवेतल्या प्राणवायूऐवजी तो वापरतात आणि त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन तयार होते. शिळ्या मासळीचा जो ओळखीचा उग्र वास, तो मुख्यतः याचा. आम्ल लागले की या पदार्थाचे क्षार बनतात आणि ते हवेत उडत नाहीत, म्हणून नाकापर्यंत पोहोचत नाहीत. मासा मात्र आधी होता तितकाच शिळा राहतो. धुण्यानेही फार साधत नाही, कारण जिवाणू बहुतांशी पृष्ठभागावर वाढत असले तरी त्यांनी निर्माण केलेले पदार्थ तोवर मांसात झिरपलेले असतात. ताज्या माशाला लिंबू लावणे ही चवीची बाब आहे आणि त्यात गैर काही नाही. वास घालवण्यासाठी लिंबू लावण्याची वेळ आली, की तो मासा ताटात जाता कामा नये, हा नियम मात्र तुम्ही दोघांनी मिळून ठरवून टाका. तो ठरला की दर तिसऱ्या दिवशीचा वाद पुन्हा उकरून काढावा लागणार नाही.

जाता जाता सांगते: गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांत तो निर्गंध पदार्थ अगदी थोडा असतो. म्हणून समुद्री मासळीवर तयार झालेले नाक त्यांच्या बाबतीत फसू शकते. असे मासे ठेवण्याची वेळ आली, तर वासावर नव्हे, तापमान आणि तासांवर विसंबा.

ग्राहकाला झालेल्या त्रासाबद्दल मला अधिक काळजीपूर्वक लिहायला हवे, कारण तिथे नाक अजिबात कामाचे नाही. ट्यूना, बांगडा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. हे मासे काही तास उबदार राहिले तर काही जिवाणू त्याचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. चेहरा आणि मान लाल होणे, डोके ठणकणे, खाज, धडधड, कधी उलटी-जुलाब ही त्याची लक्षणे असतात, आणि ती जेवणानंतर काही मिनिटांपासून दोनेक तासांत दिसू लागतात. तुमचे वर्णन याच्याशी जुळते. अर्थात माशाची खरी ॲलर्जीही अशीच दिसू शकते, आणि निदान डॉक्टरांनीच करायला हवे. यातली अडचण अशी की हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, आणि मासा दिसायला व वासाला चांगला असतानाही ते धोकादायक प्रमाणात असू शकते. इतकेच नव्हे, जिवाणूंनी त्यासाठीचे विकर (एन्झाइम) एकदा तयार केले की मासा पुढे फ्रीजमध्ये गेल्यावरही ते काम करत राहू शकते. अन्नपदार्थांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांत सुरक्षिततेची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम अशी दिली आहे, पण स्वयंपाकघरात बसून ती मोजता येत नाही. शिवाय एकाच टोपलीतल्या दोन माशांत, फार काय एकाच माशाच्या दोन भागांत, हिस्टामिनचे प्रमाण खूप वेगळे असू शकते. त्यामुळे ‘बाकीच्यांना कुठे काय झाले?’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

हा उबदार काळ पकडल्यापासून तुमच्या दारापर्यंत कुठेही गेला असेल, किंवा तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या चार तासांतही. पत्रावरून मला ते ठरवता येणार नाही, आणि तुम्हीही इतक्यात ठरवू नका. या जातींच्या माशांना मात्र आजपासून वेगळा नियम लावा: ते आल्याआल्या बर्फात जातील, आणि दारात आले तेव्हाच आतून गार नसतील तर परत जातील. पुन्हा असे काही घडले तर आधी त्या माणसाकडे पाहा. श्वास लागत असेल, ओठ-घसा सुजत असेल किंवा चक्कर येत असेल तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्या. त्यानंतर त्याच टोपलीतला उरलेला मासा पिशवीवर तारीख-वेळ लिहून गोठवून ठेवा. गोठवल्याने हिस्टामिन नाहीसे होत नसल्यामुळे प्रयोगशाळेला तो उपयोगी पडतो.

निर्वात पाकिटांच्या यंत्राला माझा स्पष्ट नकार आहे. हवा काढली की मासा टिकतो, हा समज बऱ्याच जणांचा असतो. हवा लागणारे जिवाणू त्याने रोखले जातात, हे खरे. पण फोटोबॅक्टेरियम फॉस्फोरियम हा जिवाणू निर्वात पाकिटातही आरामात वाढतो आणि तोच उग्र वासाचा पदार्थ भरपूर तयार करतो, त्यामुळे कच्च्या समुद्री मासळीचे आयुष्य अपेक्षेइतके वाढत नाही. खरी भीती बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूची आहे. माशांशी संबंधित असलेले त्याचे प्रकार साधारण 3 अंशांपासून पुढे, हवा नसलेल्या जागी वाढू शकतात, आणि मासा वासाला बिघडण्याआधी विष तयार होण्याची शक्यता असते. ज्या फ्रीजवर 4 अंशांचा भरवसा देता येत नाही, त्यात कच्च्या माशाची निर्वात पाकिटे ठेवण्याची जोखीम तुम्ही घेऊ नये. गोठवलेली निर्वात पाकिटे बाहेरून आणत असाल, तर फ्रीजमध्ये वितळवण्याआधी पाकीट फोडा.

डीप फ्रीझर घ्यायला हरकत नाही, फक्त तो कशासाठी घ्यायचा हे आधी ठरवा. उणे 18 अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत, आणि मासा बाहेर काढल्यावर उरलेले पुन्हा कामाला लागतात. वास येऊ लागलेला मासा वाचवायला फ्रीझर वापरलात, तर बाहेर काढल्यावर वास येऊ लागलेलाच मासा हाती येईल. आठवड्याच्या दुसऱ्या भागासाठी जे लागणार असेल ते पहिल्याच दिवशी, ताटाएवढ्या पातळ थरांत गोठवा, आणि रात्रभर फ्रीजच्या तळाशी, निथळायला जागा ठेवून वितळवा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वितळवू नका. चरबीयुक्त मासे गोठवलेले असतानाही हळूहळू खवट होतात, म्हणून ते आधी संपवा.

आता पुरवठादार. माझ्या मते त्याला आत्ताच बदलू नका. बदललात तर तुमचे चार तास आणि तुमचा फ्रीज नव्या माणसाच्या मासळीलाही तेच करतील, आणि महिन्याभरात तुम्ही त्याच्यावरही रागावाल. त्याला तीन गोष्टी विचारा: मासे कधी पकडले, बर्फ पहिल्यांदा कधी घातला, आणि वाटेत तो पुन्हा भरला का. टोपली आली की त्याच्यासमोरच दोन मासे उचला. कल्ल्याचे झाकण वर करा. आत लालभडक किंवा गर्द गुलाबी रंग आणि पातळ, स्वच्छ ओलावा असावा, तपकिरी चिकटा नसावा. पोटावर बोट दाबा. खड्डा राहता कामा नये. नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, बर्फ थेट लागल्यानेही ते धुरकट होतात. मग थर्मामीटर पोटात घाला आणि आकडा त्याच्यासमोर वहीत लिहा. मासा शून्याच्या जवळ असेल तर त्याने आपले काम केले आहे, असे त्याला सांगाही. सात-आठ अंश निघाले, तर तुमच्या संशयाला आधार मिळाला. महिनाभर, म्हणजे आठ-नऊ टोपल्यांची, अशी नोंद ठेवा; मग निर्णय घेणे सोपे जाईल, आणि त्याला जे सांगायचे ते आवाज न चढवता सांगता येईल.

मनाच्या टोचणीबद्दल तुम्ही शेवटच्या दोन ओळींत लिहिले आहे, पण सगळे पत्र त्यासाठीच लिहिले असावे असे मला वाटले. माशाला वास आणणारे बहुतेक जिवाणू खाणाऱ्याला आजारी पाडणारे नसतात, आणि नीट शिजवल्यावर तेही मरतात. तुमच्या हातून वाढल्या गेलेल्या ताटांतली बरीचशी चवीला उतरलेली असतील, अपायकारक असतीलच असे नाही. त्या एका ग्राहकाची मात्र विचारपूस करा. तो पुन्हा आला नसेल तर निरोप पाठवा, त्रास पूर्ण गेला का ते विचारा, आणि तो कोणता मासा होता हे त्याला सांगा, म्हणजे डॉक्टरांपुढे त्याला ते सांगता येईल. आणि पुढची टोपली येण्याआधी थर्मामीटर आणून ठेवा.